गृहीत संमतीचा कायदा आपल्याकडे हवा का? अवयवदानाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही वाचकांपुढे एक प्रश्न ठेवला होता. ज्याने जिवंतपणी स्पष्ट नकार नोंदविलेला नाही, तो मृत्यूनंतर अवयवदाता आहे, असे कायद्यानेच धरून चालावे काय? युरोपातील बऱ्याच देशांत अशी पद्धत आहे आणि तिला ‘गृहीत संमती’ म्हणतात. आपल्याकडील कायदा याच्या उलट आहे. मृत व्यक्तीने आधी लिहून दिलेले असेल किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांनी होकार दिला असेल, तरच अवयव काढता येतात. नागपूर, वर्धा आणि भंडाऱ्याहून आलेली पत्रे वाचताना जाणवले की बहुतेकांना अवयवदान मान्य आहे; त्यांना खटकते ते सरकारने आपल्याला न विचारता धरून चालणे. प्रत्यारोपण समन्वयक म्हणून विदर्भातील रुग्णालयांत अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत माहितीबरोबर माझे मतही येईल.

प्रश्न : स्पेनमध्ये नकार न नोंदविणारा प्रत्येक नागरिक दाता मानला जातो आणि अवयवदानात तो देश जगात आघाडीवर आहे. इंग्लंडनेही तसा कायदा केला. आपल्याकडे मूत्रपिंडाची वाट पाहत हजारो लोक डायलिसिसवर दिवस काढत असताना सरकार असा कायदा का करत नाही? (निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

आपल्या प्रश्नामागची तळमळ मला पूर्णपणे समजते. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा अशा ठिकाणांहून आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी नागपूर गाठणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचाही दिवस जातो आणि तरी यादीत नाव पुढे सरकेलच याची खात्री नसते. दहा लाख लोकसंख्येमागे मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची संख्या स्पेनमध्ये अलीकडे चाळीसच्या वर असते, तर भारतात ती एकापेक्षाही कमी आहे. २०२३ मध्ये आपल्या संपूर्ण देशात असे दाते अकराशेच्या आसपास होते. एवढी तफावत पाहिल्यावर कायद्याकडे बोट जाणे स्वाभाविक आहे.

परंतु स्पेनचा इतिहास थोडा बारकाईने पाहावा लागतो. तेथे गृहीत संमतीचा कायदा १९७९ मध्ये झाला. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी दात्यांचे प्रमाण दहा लाखांमागे चौदाच्या आसपासच होते. ते वाढू लागले १९८९ नंतर, म्हणजे राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाल्यावर आणि रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यावर. हे समन्वयक बहुधा अतिदक्षता विभागातीलच डॉक्टर असतात. कोणता रुग्ण मेंदूमृत होण्याच्या, म्हणजे त्याच्या मेंदूचे काम कायमचे थांबण्याच्या मार्गावर आहे हे त्यांना वेळेत कळते आणि कुटुंबाशी कसे बोलायचे हे त्यांनी शिकलेले असते. आश्चर्य वाटेल, पण स्पेनमध्ये नकार नोंदविण्यासाठी स्वतंत्र नोंदवहीसुद्धा नाही. कायदा काहीही म्हणत असला तरी प्रत्येक वेळी कुटुंबाला विचारले जाते आणि कुटुंब नाही म्हणाले तर अवयव घेतले जात नाहीत. त्या संघटनेचे संस्थापक डॉ. राफाएल मातेसान्झ यांनीही यशाचे श्रेय कायद्याला न देता या व्यवस्थेला दिले आहे.

ब्रिटनमध्ये वेल्सने १ डिसेंबर २०१५ पासून, इंग्लंडने २० मे २०२० पासून, स्कॉटलंडने २०२१ पासून आणि उत्तर आयर्लंडने २०२३ पासून ही पद्धत स्वीकारली. वेल्समध्ये कायद्यापूर्वी आणि नंतर घरोघरी माहिती पोहोचविली गेली आणि काही वर्षांनी तेथे कुटुंबांच्या होकाराचे प्रमाण सुधारलेले दिसले. इंग्लंडमध्ये कायदा लागू झाला तो कोविडच्या धामधुमीत. पुढील वर्षांत तेथील कुटुंबांच्या होकाराचे प्रमाण वाढण्याऐवजी खाली आले. मृत व्यक्तीने नकार नोंदविलेला नाही, एवढ्यावरून तिची इच्छा काय होती हे कुटुंबाला समजत नाही. आणि इच्छा ठाऊक नसली की कुटुंब साहजिकच नकाराकडे झुकते. याउलट जर्मनीच्या संसदेने जानेवारी २०२० मध्ये गृहीत संमतीचा प्रस्ताव सविस्तर चर्चेनंतर फेटाळला.

या विषयावर वर्तमानपत्रांत एक आकडा वारंवार छापला जातो, म्हणून त्याबद्दलही लिहिते. २००३ मधील एका गाजलेल्या अभ्यासात जर्मनीतील संमतीचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर शेजारच्या ऑस्ट्रियातील प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक असल्याचे दाखविले होते. ऑस्ट्रियाचा हा आकडा म्हणजे नकार न नोंदविलेल्यांचा आकडा आहे. त्यांतील किती जणांना हा कायदा ठाऊक होता आणि प्रत्यक्षात किती अवयव रुग्णांपर्यंत पोहोचले, हे त्यावरून कळत नाही. एवढे मात्र खरे की माणसे अर्ज भरण्याचा कंटाळा करतात आणि कायदा ज्या बाजूला झुकलेला असेल त्या बाजूला राहून जातात. गृहीत संमतीचा सगळा आधार या स्वभावावर आहे. त्या आधारावर माणसाच्या शरीराविषयीचा निर्णय उभा करावा का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की कायद्याने हा प्रश्न एका दिवसात सुटणार नाही. मेंदूमृत रुग्ण ओळखून विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला (मिळालेले अवयव कोणाला द्यायचे हे पाहणाऱ्या संस्थेला) वेळेत कळविणारी रुग्णालये आणि कुटुंबाशी नीट बोलणारी माणसे नसतील, तर गृहीत धरलेली संमती कागदावरच राहील.

प्रश्न : डॉक्टरांना अवयव हवे असतील तर ते माझ्या माणसाला वाचविण्याचे पूर्ण प्रयत्न करतील का, ही भीती मनातून जात नाही. सगळेच दाते ठरले तर ही भीती आणखी वाढेल. आणि हृदय चालू असताना माणूस मेला असे कसे म्हणायचे? (गृहिणी, महाल)

ही भीती आपण स्पष्टपणे लिहिली, याबद्दल आपले आभार. बहुतेक कुटुंबांच्या मनात ती असते. फक्त डॉक्टरांसमोर बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो.

आधी मृत्यूविषयी. जबर अपघातात किंवा मेंदूतील मोठ्या रक्तस्रावात मेंदूचा खालचा भाग, म्हणजे मेंदूस्तंभ, कायमचा बंद पडतो. श्वास घेण्याची आज्ञा तेथूनच सुटते. ती बंद झाल्यावर छाती हलते ती केवळ व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून. हृदयाला ठोके देण्याची स्वतःची यंत्रणा असल्यामुळे, प्राणवायू मिळत आहे तोवर, ते काही काळ चालू राहते. कोमा ही वेगळी अवस्था आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या, पण त्या स्वतःचा श्वास स्वतः घेत होत्या. त्या मेंदूमृत नव्हत्या आणि त्यांच्यासारख्या रुग्णाला कोणताही कायदा अवयवदाता मानत नाही. मेंदूमृत झालेला रुग्ण शुद्धीवर येत नाही.

हे ठरविले कसे जाते, तेही सांगते. डोळ्यांत प्रखर उजेड टाकून बाहुली आकसते का, हे पाहतात. बुबुळाला कापसाच्या टोकाने स्पर्श करतात. कानात बर्फासारखे थंड पाणी सोडून डोळे हलतात का, हे पाहतात. घशात नळी सरकवून खोकला येतो का, याची खात्री करतात. शेवटची चाचणी श्वासाची असते. रुग्णाला प्राणवायू देत ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे काढतात आणि रुग्णाच्या पोटावरचे आणि छातीवरचे पांघरूण बाजूला करून डॉक्टर नजर न हलवता पाहत राहतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड इतका वाढू दिला जातो की मेंदूस्तंभात थोडी जरी जाग असती, तरी शरीराने श्वास ओढलाच असता. श्वास आला नाही, तर रक्त तपासून ते नोंदवितात. किमान सहा तासांनी या सर्व चाचण्या पुन्हा करतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांना त्यावर सही करावी लागते आणि त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील एकही डॉक्टर असू शकत नाही. आपल्याला ज्या हितसंबंधांची भीती वाटते, त्यांना या खोलीत प्रवेशच नसावा, यासाठी ही तरतूद आहे. कुटुंबातील एखाद्याला श्वासाची चाचणी स्वतः पाहायची असेल, तर तसे डॉक्टरांना विचारावे. काही रुग्णालये त्याला संमती देतात आणि माझ्या मते ती सर्वांनीच द्यावी, कारण व्हेंटिलेटरविना निश्चल राहिलेली छाती स्वतः पाहिल्यावर डॉक्टरांनी काय सांगितले ते समजायला सोपे जाते.

आता आपल्या भीतीतील जो भाग मला रास्त वाटतो, त्याविषयी. आपल्याकडे मेंदूमृत्यूची व्याख्या आहे ती प्रत्यारोपणाच्या कायद्यात. त्यामुळे अनेकदा असे घडते की कुटुंबाने होकार दिला तर रुग्ण मृत मानला जातो आणि नकार दिला तर त्याच रुग्णाचा व्हेंटिलेटर पुढे चालू ठेवला जातो. मग आपला माणूस गेला की नाही हे आपल्या सहीवर ठरते आहे, असे त्या कुटुंबाला वाटले तर त्यांचा काय दोष? माझ्या अनुभवात संशयाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. दानाचा विषय निघण्यापूर्वी, आणि दान होवो अथवा न होवो, मेंदूमृत्यू हा मृत्यूच आहे असे सर्व रुग्णालयांनी एकाच भाषेत सांगावे, अशी स्पष्ट तरतूद गृहीत संमतीच्या कायद्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी.

अविश्वासाची किंमत किती असते, हे केरळने अनुभवले आहे. तेथे २०१५ मध्ये मृत्यूनंतर अवयवदान करणारे ७६ होते. खासगी रुग्णालयांवर आरोप झाले, प्रकरणे न्यायालयात गेली, मेंदूमृत्यू जाहीर करण्यास डॉक्टरही कचरू लागले आणि २०१८ मध्ये ही संख्या ८ वर आली. या काळात कायदा तोच होता.

प्रश्न : मी उत्तर नागपुरात वस्त्यांमध्ये काम करतो. नकार नोंदवायचा म्हणजे आधी कायदा माहीत हवा, मग अर्ज भरता यायला हवा. शिकलेला माणूस मोबाईलवरून दोन मिनिटांत नकार देईल. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वऱ्हांड्यात चादर टाकून झोपणाऱ्या नातेवाइकांचे काय? गृहीत धरले जाणार ते गरिबांनाच, असे मला वाटते. (सामाजिक कार्यकर्ता, इंदोरा)

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले आणि त्यातील आक्षेप मला मान्य आहे.

आपल्या सध्याच्या कायद्यातही एक कलम असे आहे की ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. रुग्णालयात किंवा तुरुंगात एखादा मृतदेह असेल आणि मृत्यूनंतर ४८ तासांत जवळच्या नातेवाइकांपैकी कोणीही त्यावर हक्क सांगितला नाही, तर त्यातील अवयव काढण्याची परवानगी त्या संस्थेच्या प्रमुखाला देता येते. वैद्यकीयदृष्ट्या या कलमाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड इतका वेळ टिकत नाही. तरीही ते वाचताना मन अस्वस्थ होते. संमती न घेता पुढे जाण्याची मुभा कायद्याने दिली ती बेवारस मृताच्या आणि कैद्याच्या बाबतीत, म्हणजे ज्याच्या वतीने बोलायला कोणी नाही त्याच्याच बाबतीत. गृहीत संमतीचा भार कोणत्या बाजूला कलण्याची शक्यता आहे, याचे उत्तर मला या कलमात दिसते.

ब्राझीलचा अनुभवही आपल्या बाजूचा आहे. तेथे १९९७ मध्ये गृहीत संमतीचा कायदा झाला. सरकारी आरोग्यसेवेवर लोकांचा विश्वास नव्हता आणि जिवंतपणीच अवयव काढून घेतील, अशी भीती गरीब वस्त्यांत पसरली. ओळखपत्रावर आणि वाहन परवान्यावर ‘दाता नाही’ अशी नोंद करून घेण्यासाठी लोकांची रीघ लागली. १९९८ मध्ये सरकारला गृहीत संमती मागे घ्यावी लागली. चिलीमध्ये २०१० च्या कायद्यानंतरही नकार नोंदविणाऱ्यांची संख्या फुगली आणि दाते वाढण्याऐवजी घटले.

गरिबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनाला लागते आणि आपल्या वस्तीतील कोणीतरी ती आपल्याला ऐकवली असेलच. देणाऱ्यांत गरीब असतात, पण घेणाऱ्यांत किती असतात? नागपुरात शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आणि मिहानमधील एम्समध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण होते, ही मोठी सोय आहे. परंतु हृदय आणि यकृताची प्रत्यारोपणे बहुतांशी खासगी रुग्णालयांत होतात. पुढे आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात आणि तो खर्च सरकारी योजनांच्या आधाराशिवाय हातावर पोट असणाऱ्याला पेलत नाही. सरकारला नागरिकाची संमती गृहीत धरायची असेल, तर त्याच नागरिकाला गरज पडेल तेव्हा अवयव मिळण्याचा हक्कही आधी पक्का केला पाहिजे.

तरीही आपल्याला एक विनंती आहे. वस्तीत या विषयावर बोलताना अवयवदानच गरिबांविरुद्ध आहे, असा समज होऊ देऊ नका. आपल्या देशातील बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांकडून मिळतात आणि ती देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांहून बरीच जास्त आहे. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. उलट दिशेने मात्र क्वचितच घडते. मृत्यूनंतरचे प्रत्येक दान कोणत्या तरी घरातील अशा बाईची शस्त्रक्रिया टाळू शकते. हे सांगितल्यावर वस्तीतल्या बायका लक्ष देऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : उद्या असा कायदा झाला तर धर्माच्या कारणाने ज्यांना हे मान्य नाही, त्यांना सूट मिळेल का? आमच्या समाजात याबद्दल दोन मते आहेत. (शिक्षक, मोमिनपुरा)

सिंगापूरचे उदाहरण आपल्या प्रश्नाशी अगदी जुळते. तेथे १९८७ मध्ये मूत्रपिंडांपुरती गृहीत संमती आली तेव्हा मुस्लिम नागरिकांना तिच्यातून वगळले होते. पुढे तेथील धर्मपंडितांशी चर्चा होऊन २००८ मध्ये त्यांचा समावेश झाला. त्यापूर्वी १९८८ मध्ये जेद्दा येथे इस्लामी न्यायशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने काही अटींवर मृत्यूनंतरच्या अवयवदानास अनुकूल मत दिले होते. भारतातील उलेमांमध्ये मात्र आजही मतभेद आहेत, हे आपण जाणताच. हिंदू, बौद्ध, जैन आणि ख्रिस्ती परंपरांतही अवयवदानाला सरसकट मनाई नाही. तरी देह अग्नीला अखंड मिळावा, असे मानणारी कुटुंबे मला महालात भेटली आहेत आणि सदरमध्येही भेटली आहेत.

सिंगापूरच्या कायद्यातील दुसरी एक गोष्ट मला कठोर वाटते. तेथे नकार नोंदविणाऱ्याला स्वतःला अवयवाची गरज पडली, तर प्रतीक्षा यादीत त्याचा क्रम खाली जातो. २००७ मध्ये तेथे एका मेंदूमृत रुग्णाचे नातेवाईक आणखी थोडा वेळ द्या म्हणून रुग्णालयात गुडघे टेकून विनवणी करीत होते, तरी अवयव काढण्यासाठी त्याला नेण्यात आले. त्यावर तेथे मोठी हळहळ आणि टीका झाली. कायदेशीरदृष्ट्या त्यात काही चूक नसेलही. पण असे दृश्य आपल्या नागपुरात एकदा जरी घडले आणि मोबाईलवर पसरले, तर विदर्भातील अवयवदान वर्षानुवर्षे सावरणार नाही. आपल्याकडे आज जो कायदा आहे, त्यात आपल्याला सूट मागण्याची गरजच नाही, कारण आपल्याला कोणी धरून चाललेले नाही.

प्रश्न : मी आधार क्रमांक वापरून संकेतस्थळावर अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदविली आहे. दोन्ही मुलांना हे पसंत नाही. ‘आई, तो विषय काढू नकोस’ म्हणतात. माझ्या पश्चात त्यांनी नकार दिला तर माझ्या प्रतिज्ञेला अर्थ उरतो का? (निवृत्त मुख्याध्यापिका, वर्धा)

कायद्याच्या भाषेत अर्थ निश्चितच उरतो. किमान दोन साक्षीदारांसमोर, त्यांतील एक जवळचा नातेवाईक असताना, आपण लेखी संमती दिली असेल आणि नंतर ती मागे घेतलेली नसेल, तर मृतदेहाचा ताबा असणाऱ्याने अवयव काढण्यास सहकार्य करावे, असे कायदा सांगतो. व्यवहारात मात्र समोर रडणाऱ्या मुलांचा विरोध डावलून एकही डॉक्टर पुढे जात नाही आणि त्याने तसे जाऊ नये, असेच मला वाटते. नातेवाइकांच्या संमतीचा अर्ज भरला गेल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, ही आपल्या रुग्णालयांची रीत आहे.

म्हणून आपले खरे काम संकेतस्थळावर संपलेले नाही. मुले विषय टाळतात, कारण त्यांना आपल्या मृत्यूचा विचार सहन होत नाही. त्यामुळे विषय मृत्यूच्या बाजूने काढू नये. वर्ध्यात डायलिसिसवर असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलत असताना, ‘माझ्या बाबतीत प्रश्न आला तर माझी इच्छा अशी आहे,’ एवढे एक वाक्य आपण सहज म्हणावे. त्यावर वाद घालू नये, होकारही मागू नये. पुढे कधी वेळ आलीच, तर समन्वयक मुलांना त्यांची इच्छा विचारणार नाही. ‘आईने यावर कधी काही म्हटले होते का?’ असे विचारेल. आपले ते एक वाक्य मुलांच्या कानी पडलेले असेल, तर निर्णयाचे ओझे त्यांच्यावर राहत नाही. अनेक मुले मग म्हणतात, ‘आम्हाला नको होते, पण तिची इच्छा होती,’ आणि सही करतात.

गृहीत संमतीच्या बाजूचा एक सबळ मुद्दा येथेच आहे आणि तो मांडला नाही तर मी त्या बाजूवर अन्याय करीन. त्या पद्धतीत अत्यंत दुःखाच्या घडीला कुटुंबाला नव्याने ‘हो’ म्हणावे लागत नाही; कायदा तो भार स्वतःवर घेतो. काही कुटुंबांना त्यामुळे खरोखर हलके वाटते. आपण मुलांशी आधी बोललात, तर आपल्या सध्याच्या कायद्यातही त्यांना तेवढाच आधार मिळू शकतो.

प्रश्न : समृद्धी महामार्गावरील अपघातानंतर माझा धाकटा भाऊ एका खासगी रुग्णालयात दोन दिवस व्हेंटिलेटरवर होता. मेंदू पूर्ण निकामी झाला आहे, असे सांगितले गेले. अवयवदानाबद्दल कोणीही विचारले नाही. तेराव्यानंतर वर्तमानपत्रात वाचले तेव्हा वाटले, विचारले असते तर आम्ही हो म्हटले असते. आता ही खंत कोणाला सांगायची? (शेतकरी, भंडारा)

आपले पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आपल्या भावाच्या जाण्याचे दुःख आहेच. त्यात देता आले असते ते देता आले नाही, याची खंत आपल्याला वाहावी लागते आहे आणि त्यात आपला काहीही दोष नाही.

विचारण्याची जबाबदारी रुग्णालयाची होती. प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, नोंदणीकृत रुग्णालयातील अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यूची शक्यता असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना, त्याने आधी संमती दिली होती का हे विचारणे आणि नसेल तर दानाचा पर्याय समजावून सांगणे बंधनकारक आहे. प्रत्यारोपण न करणारी, पण अवयव काढण्याची सोय असलेली रुग्णालयेही नोंदणी करू शकतात. अपघाताच्या प्रकरणात पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन असते, म्हणून आपल्याला उगाच त्रास होईल, असे सांगून काही ठिकाणी विषयच टाळला जातो. प्रत्यक्षात तपासाला बाधा न येता अवयव काढण्याची तरतूद कायद्यात आहे. खर्चाच्या भीतीनेही अनेक कुटुंबे मागे हटतात. संमती दिल्यानंतर अवयव सुस्थितीत राखण्याचा, काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिले आहे.

वर्धा मार्गावर पोलीस चौकाचौकांत वाहने थांबवून सोनेगावच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी ग्रीन कॉरिडॉर करतात, त्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हृदय सुमारे चार तासांत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते, म्हणून ती धावपळ असते. परंतु जे अवयव रस्त्यावर येतच नाहीत, कारण कोणी विचारलेच नाही, त्यांचे छायाचित्र कोठेही छापले जात नाही. गृहीत संमतीचा कायदा आपल्या भावाच्या बाबतीत काय करू शकला असता? जे रुग्णालय विचारत नाही, ते कळवितही नाही; आणि कळविले नाही तर कोणत्याही प्रकारची संमती उपयोगाला येत नाही.

आपल्याला शक्य असेल तर घडलेली हकिगत तारखांसह लिहून नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावी. कोणाला शिक्षा व्हावी हा हेतू नसला तरी चालेल. मेंदूमृत्यूची शक्यता असलेले रुग्ण कोठे कळविले जात नाहीत, याची नोंद अशा पत्रांतूनच होते. भंडारा परिसरातील रुग्णालयाशी पुढच्या वेळी कोणी बोलायचे, हे ठरविताना ते पत्र कामी येईल.

प्रश्न : माझे वय ७४ आहे, मधुमेह आहे. वैद्यकीय महाविद्यालयात देहदानाचा अर्ज भरून ठेवला आहे. त्यातच अवयवदान येते का? (नंदनवन)

येत नाही, ही दोन वेगळी दाने आहेत. देहदान वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शरीररचनेच्या अभ्यासासाठी असते आणि घरी आलेल्या नैसर्गिक मृत्यूनंतरही करता येते. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे दान मात्र साधारणपणे अतिदक्षता विभागात, मेंदूमृत्यू झाल्यावरच होऊ शकते आणि ते झाले तर महाविद्यालये सहसा तो देह स्वीकारत नाहीत. वय आणि मधुमेह यांमुळे आपण आपोआप बाद होत नाही. कोणता अवयव चालेल हे त्या वेळी डॉक्टर ठरवितात. नेत्रदान मात्र देहदानाबरोबर करता येते आणि मधुमेह असला तरी चालते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. पथक घरी येते आणि त्याला फारसा वेळ लागत नाही. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके थोडे उंच ठेवावे. नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा, यासाठी तो भिंतीवर लिहून ठेवावा.